किंग्ज आपले, तिजोरीही आपलीच

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराचा बास्केटबॉल संघ किंग्ज (अमेरिकेच्या एनबीए लीगमधला) आणि शहराच्या पैशांची मदत घेऊन बांधलेलं त्याचं अरीना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह, गोल्डन वन सेंटर यांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरातले चौघंही किंग्जचे कट्टर चाहते. तरी शहराने अरीनासाठी घातलेल्या पैशांबद्दल व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर "मग मॅचला कशाला जाता?" असं ऐकावं लागलं. दोन्ही एकत्र नांदू शकत नाही का?
– एक वाचक, एल्क ग्रोव्ह

उत्तर : नांदू शकतं. तिकीट हा तुमचा आणि संघाचा व्यवहार. अरीनाचा करार हा शहराचा आणि संघाचा व्यवहार, आणि त्यात शहराच्या बाजूला नागरिक असतात. मे २०१४ मध्ये सिटी कौन्सिलने ७ विरुद्ध २ मतांनी तो मंजूर केला, तेव्हा शहराचा वाटा २५.५ कोटी डॉलरचा होता. त्यात बहुतेक रोख रक्कम आणि बाकी जमीन. एकूण खर्च तेव्हा ४७.७ कोटी धरला होता, तो पुढे ५५ कोटींच्या वर गेला. वाढीव खर्च संघाने सोसला, कारण करारात तशी अट होती. ही अट शहराच्या हिताची होती, हे आधी मोकळेपणाने म्हणा. मग उरलेल्या अटींबद्दल विचारलंत तर तुम्हाला संघाचा वैरी कोणी ठरवणार नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. एल्क ग्रोव्ह ही वेगळी नगरपालिका आहे. सॅक्रामेंटोच्या कौन्सिलसाठी तुम्हाला मत देता येत नाही. सभेत बोलता येतं, पण कुठे राहता ते पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर नंतर कोणीतरी ते उघड करतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

प्रश्न : करार वाचायचा तर सुरुवात कुठून करायची? कागदपत्रं शेकडो पानांची आहेत.
– एक वाचक, नाटोमास

उत्तर : करारापासून करू नका. आधी २०१५ च्या कर्जरोख्यांचं माहितीपत्रक उघडा. अमेरिकेतल्या महापालिकांच्या रोख्यांची माहितीपत्रकं 'एम्मा' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गुंतवणूकदारांसाठी लिहिलेली असल्यामुळे जोखमींचं प्रकरण त्यात स्पष्ट असतं. भाषणांत न सापडणारी वाक्यं तिथे सापडतात.

त्यात पहिला प्रश्न हा, की हप्ता कशातून जाणार आणि तारण काय? इथे हप्ते पार्किंगच्या उत्पन्नातून आणि संघाच्या भाड्यातून जावेत अशी योजना होती. पण हे भाडेपट्ट्यावर आधारलेले रोखे आहेत. उत्पन्न कमी पडलं तर भार शहराच्या सर्वसाधारण निधीवर येतो, म्हणजे ज्यातून पोलीस, अग्निशमन आणि बागांचा खर्च चालतो त्यावर. २०२० मध्ये सरकारी कचेऱ्या ओस पडल्या, डाउनटाउनचं पार्किंग रिकामं झालं, तरी रोख्यांचा हप्ता थांबला नाही. म्हणून "पार्किंग आपोआप कर्ज फेडेल" असं कोणी म्हणालं, तर कोणत्या वर्षीचं पार्किंग ते विचारा. ढोबळ उत्पन्न सांगत असतील तर देखभाल आणि पगार वजा करून निव्वळ आकडा मागा. सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

दुसरं, मुद्दल आणि एकूण परतफेड यात गल्लत करू नका. उदाहरणादाखल २५.५ कोटी डॉलर ३५ वर्षांसाठी ५ टक्क्यांनी घेतले असं धरा. वर्षाचा हप्ता साधारण १.५६ कोटी येतो आणि एकूण फेड ५४.५ कोटींच्या आसपास जाते, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीहून जास्त. खरा व्याजदर आणि वर्षनिहाय तक्ता माहितीपत्रकात असतो, तो कागदावर उतरवून घ्या.

तिसरं, किंमत न लावलेल्या वस्तू शोधा. सॅक्रामेंटोत विरोधकांचा आक्षेप असा होता की डाउनटाउन प्लाझा या मॉलच्या पार्किंगच्या जागा आणि डिजिटल जाहिरात फलकांसाठी दिलेल्या सहा जागा शहराने आपल्या वाट्यात मोजल्याच नाहीत. ते कोर्टात गेले. २०१५ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. तरी कोणत्याही नव्या करारात हा प्रश्न विचारायलाच हवा.

कागद मिळत नसेल तर कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली लेखी अर्ज करा. कागद देणार की नाही, हे शहराला सर्वसाधारणपणे दहा दिवसांत कळवावं लागतं. "अरीनाची सगळी माहिती" असं मोघम मागू नका. "अमुक आर्थिक वर्षातलं पार्किंगचं निव्वळ उत्पन्न, महिनावार" असं नेमकं मागा.

प्रश्न : पण अरीनामुळे डाउनटाउन जिवंत झालं, हॉटेलं भरली. हा फायदा नाही का?
– एक वाचक, फॉल्सम

उत्तर : डाउनटाउनला फायदा झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो हिशेबाची हद्द कुठवर धरायची याचा. जुनं अरीनाही सॅक्रामेंटो शहरातच होतं, नाटोमासमध्ये. २०१६ मध्ये संघ तिथून हलला, ती जागा मागे पडली आणि २०२२ मध्ये इमारत पाडली. म्हणजे डाउनटाउनच्या के स्ट्रीटवर दिसणारी गर्दी काही अंशी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेली आहे. तुम्ही फॉल्समहून येऊन मॅच आणि जेवणावर ३०० डॉलर खर्च करता, ते सॅक्रामेंटो शहराच्या दृष्टीने नवे. पण ते तुम्ही एरवी फॉल्सममध्ये खर्च केले असते, तर अख्ख्या परिसराची बेरीज तीच राहते. शिवाय तिकिटाच्या पैशातला मोठा भाग खेळाडूंच्या पगारात जातो आणि त्यातला बराच गावाबाहेर. त्यामुळे आर्थिक परिणामाचा अहवाल हाती आला की दोन गोष्टी तपासा. तो कोणी पैसे देऊन करवून घेतला, आणि स्थानिकांनी एरवी केला असता तो खर्च वजा केला आहे का?

प्रश्न : फार प्रश्न विचारले तर संघ निघून जाईल, या भीतीचं काय?
– एक वाचक, रोझव्हिल

उत्तर : भीती खोटी नाही. सिअॅटलच्या मतदारांनी २००६ मध्ये ठराव केला की शहराचे पैसे घ्यायचे तर शहराला किमान सरकारी रोख्यांइतका परतावा द्यायचा. २००८ मध्ये तिथला बास्केटबॉल संघ सोनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेला. किंग्जही २०१३ मध्ये सिअॅटलला जाण्याच्या बेतात होते. एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते नाकारलं आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला.

म्हणूनच घाई होण्याआधी विचारायचं. अट मागा ती अशी : संघाला शहरात राहण्याचं बंधन किमान कर्ज फिटेपर्यंत असावं आणि आधी निघाल्यास उरलेलं कर्ज संघाने फेडावं. इथला करार ३५ वर्षांचा आहे.

प्रश्न : पुढे असा प्रस्ताव आला तर सार्वमतासाठी सह्या गोळा करता येतील का?
– एक वाचक, लँड पार्क

उत्तर : येतील, पण आधी मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. २०१४ मध्ये हजारो सह्या वाया गेल्या, कारण अर्जांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत होत्या आणि कायद्याने लागणारा मजकूर त्यांत नव्हता. कोर्टाने प्रश्न मतपत्रिकेवर घेण्यास नकार दिला. एकच मसुदा ठरवा, त्याची एकच प्रत छापा, आणि पहिली सही घेण्याआधी त्यातला शब्दन् शब्द कायद्याशी ताडून पाहा.

पैसे कोण देतं तेही पहिल्या दिवसापासून जाहीर ठेवा. सह्यांच्या त्या मोहिमेत सिअॅटलचे गुंतवणूकदार ख्रिस हॅन्सन यांचे १ लाख डॉलर गुपचूप आले होते. त्याबद्दल पुढे ५० हजार डॉलरचा दंड झाला, आणि मनापासून सही केलेल्या किंग्जप्रेमींकडेही संशयाने पाहिलं गेलं.