इंग्रजीत ‘पँट्स’ अनेकवचनी का? आणि पँट व ट्राउझर एकच का?

आधी व्याकरण, कारण चुका तिथेच होतात. कपडा एकच असला तरी ‘दीज पँट्स आर टाइट’ असंच म्हणायचं. ‘धिस पँट इज’ आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर खटकतं. मोजायच्या असतील तर ‘टू पेअर्स ऑफ पँट्स’. एकच असेल आणि ‘पेअर’ हा शब्द आला, की क्रियापद एकवचनी: ‘धिस पेअर इज’. पुढच्या नामाला चिकटल्यावर शेवटचा ‘स’ गळतो: ‘पँट लेग’, ‘ट्राउझर पॉकेट’. फॅशनवाले मुद्दाम ‘अ लिनन पँट’ लिहितात. ती त्यांची धंद्याची बोली, परीक्षेत लिहू नका.

हे अनेकवचन आलं कुठून? ‘पूर्वी दोन पाय वेगवेगळे शिवायचे म्हणून’ हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. अर्धंच खरं आहे. मध्ययुगीन युरोपात ‘होज’ म्हणजे पायांवरचे घट्ट मोजे खरोखरच दोन सुटे असत आणि वरच्या अंगरख्याला नाड्यांनी बांधत. पण पंधराव्या शतकापर्यंत ते मधोमध जोडले जाऊ लागले होते, आणि ‘पँटालून’ हा कपडा इंग्रजीत आला सतराव्या शतकात. तोवर ‘ब्रीचेस’ (गुडघ्यापर्यंतची तुमान), ‘ड्रॉअर्स’ (आत घालायची तुमान) अशी अनेकवचनाची वहिवाट पडलेली होती, नवा शब्द तिच्यात जाऊन बसला. ‘ब्रीचेस’ची तर गंमतच आहे. जुन्या इंग्रजीत ‘ब्रोक’चं अनेकवचन ‘ब्रेक’ व्हायचं, ‘फूट’चं ‘फीट’ होतं तसं. त्या अनेकवचनालाच पुढे पुन्हा ‘एस’ लावला. कात्री, चष्मा, सुरवार आपण एकेक वस्तू म्हणून बघतो. इंग्रजी त्यांचे दोन भाग मोजते, एवढाच फरक.

‘पँट’चं मूळ मात्र कपड्यात नाही, एका संताच्या नावात आहे. संत पँटालिऑन हे आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमेडिया या प्राचीन शहराचे वैद्य. व्हेनिसमध्ये त्यांच्या नावाचं चर्च आहे आणि हे नाव तिथे इतकं रुळलं होतं की इटलीच्या मुखवटा-नाट्यातल्या व्हेनिसच्या चिक्कू, म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं नाव ‘पँटालोने’ पडलं. त्याचा ठरलेला वेष म्हणजे कमरेपासून पायापर्यंत लाल, घट्ट तुमान. पात्राचं नाव कपड्याला चिकटलं, फ्रेंचमध्ये ‘पाँतालों’ झालं. फ्रेंच राज्यक्रांतीत गुडघ्यापर्यंतची उमरावी ‘क्युलॉत’ न घालणारे, लांब पाँतालोंवाले लोक ‘साँ-क्युलॉत’ म्हणवले गेले, तो हाच कपडा.

‘पँटालून्स’ छाटून ‘पँट्स’ केलं अमेरिकनांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तेव्हा ते गावंढळ वाटे. कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४६ मध्ये टोमणा मारला होता की हा शब्द ‘जंटलमन’साठी नव्हे, ‘जेंट्स’साठी आहे. आपल्याकडे पँट ‘जेंट्स टेलर’च शिवतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही.

‘ट्राउझर्स’चं घराणं वेगळं. तो आयरिश-स्कॉटिश ‘ट्रिउस’वरून आला आणि ‘ड्रॉअर्स’च्या नादानं शेवटी ‘अर्स’ लागलं. कपडा तोच, पण ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ म्हणजे बहुतेक ठिकाणी आतली चड्डी. लंडनमध्ये सहकाऱ्याला ‘नाइस पँट्स’ म्हणालात तर तो दचकेल. तिथे ‘ट्राउझर्स’ म्हणा, अमेरिकेत ‘पँट्स’. ब्रिटिश बोलीत ‘दॅट्स पँट्स’ म्हणजे ‘अगदी टुकार’. आणि आपली ‘चड्डी’ही तिकडे पोचली आहे: ‘चडीज’ हा शब्द २०१९ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत दाखल झाला. आपली ‘हाफ पँट’ मात्र दोन्हीकडे ‘शॉर्ट्स’.

मराठीनं हा शब्द दोनदा घेतला. आधी ‘पाटलोण’, जी मूळ ‘पँटालून’च्या जास्त जवळ आहे, आणि नंतर तोकडी ‘पँट’. ‘विजार’ त्याहून जुनी, अरबी ‘इजार’वरून फारसीमार्गे आलेली. ‘पँट’ आपण स्त्रीलिंगी केली, म्हणजे ‘भिंत-भिंती’प्रमाणे अनेकवचन ‘पँटी’ व्हायला हवं. पण त्याच शब्दाचं इंग्रजी लडिवाळ रूप ‘पँटी’ भलत्याच कपड्याला चिकटलंय, म्हणून दुकानात सगळे गुपचूप ‘दोन पँट दाखवा’ म्हणतात.