वडील कमावण्यापलीकडे कशासाठी असतात?

‘मुलाला आई का लागते हे समजते, पण वडील कमावण्यापलीकडे नेमके कशासाठी असतात?’ असे आपण विचारले आहे. कमावणे हे पितृत्वाचे सार आहे असे मला वाटत नाही, कारण समाजासमाजांत वडिलांकडे सोपवलेले काम फारच वेगवेगळे दिसते. केरळातील नायरांच्या जुन्या तरवाडात, म्हणजे आईकडून वंश मोजणाऱ्या एकत्र घरात, मुले आईच्या कुळात वाढत आणि त्यांच्यावर अधिकार चाले तो कारणवराचा, म्हणजे बहुधा मामाचा. जन्मदाता त्या घरात पाहुण्यासारखा येई-जाई. याउलट मध्य आफ्रिकेच्या जंगलांतील अका लोकांत मानवशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांना असे आढळले की, बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाला घेऊन तरी असतो, नाही तर हात पोहोचेल इतक्या जवळ असतो. फिलिपिन्समधील सेबू येथील पुरुषांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वडील झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटले आणि रोज तीन तास वा अधिक मुलांचे करणाऱ्यांत ते आणखी कमी दिसले. ‘अंगवळणी पडणे’ हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा ठरतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत मागावर होते. तिसरी पाळी करून ते दिवसा झोपत आणि त्या एका खोलीत आम्ही कुजबुजत बोलायचे, एवढीच आमची त्यांच्याशी ओळख. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. आई पापड लाटून घर चालवू लागली आणि धाकट्या बहिणीची वेणीफणी वडिलांवर आली. मागावर तुटलेले सूत चटकन जोडणारी त्यांची बोटे रिबिनीपुढे मात्र हटकून अडत. शेवटी त्यांनी सुताची गाठच रिबिनीला मारली, आणि संध्याकाळी ती सोडवताना आईच्या नाकी नऊ आले. पगार बंद असलेल्या त्या वर्षाइतके वडील आम्हाला एरवी कधीच लाभले नाहीत.

आपल्याकडील नियम अजूनही कमावत्या बापाच्याच हिशेबाने चालतात. २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतील बापाला १५ दिवस, आणि खासगी नोकरीतील बापाला कायद्याने एकही नाही. पंधरा दिवसांत बाळाची नाळ जेमतेम पडते. त्याला न्हाऊ घालताना मान कशी सावरायची हे हाताला कळायच्या आत विरारच्या माणसाने पुन्हा सकाळची फास्ट लोकल पकडलेली असते.