बेळगावच्या उपनगरांत मुलांना खेळायला चांगली जागा कशी शोधावी?

आपण विचारले आहे की, सांगलीहून बदली होऊन आपण बेळगावात येत आहात, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ या बाजूला भाड्याचे घर पाहत आहात, मुलगी चार वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे, आणि नकाशावर हिरव्या जागा पुष्कळ दिसत असल्या तरी त्यांतल्या खरोखर खेळण्याजोग्या कोणत्या, हे दूर बसून कळत नाही. मी याच भागात चौदा वर्षे राहत आहे आणि माझी मुलगी याच बागांतून वाढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम नकाशाबद्दल. इथली बरीचशी उपनगरे नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडच्या ‘बुडा’ने, आखलेली आहेत. कर्नाटकाच्या 1987 च्या नगरविकास प्राधिकरण कायद्यानुसार अशा योजनेत किमान 15 टक्के जागा बागा व क्रीडांगणांसाठी आणि आणखी किमान 10 टक्के जागा नागरी सुविधांसाठी राखावी लागते. त्यामुळे कागदावर जागा असतेच. प्रत्यक्षात मात्र तिथे कधी गुडघाभर गवत असते, कधी चारी बाजूंनी जाळी ठोकून फाटकाला कुलूप असते, तर कधी ती नागरी सुविधेची, म्हणजे ‘सीए (सिव्हिक अमेनिटी) साईट’ असते आणि आज ना उद्या तिच्यावर इमारत उभी राहणार असते. म्हणून मोकळी जागा पाहून घर पसंत करू नका. ती बागेची की सीए साईट, एवढे आधी विचारून घ्या. वसाहत बुडाकडून महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का, हेही विचारा. ती झालेली नसेल, तर तुटलेल्या झोपाळ्याची तक्रार कुणाकडे करायची यातच वर्ष निघून जाते. हिंडलगा, गणेशपूर, कंग्राळी अशा कडेच्या गावांकडे वळलात, तर महापालिकेऐवजी पंचायतीकडे जावे लागते.

माझ्या मते बाग किती देखणी आहे यापेक्षा ती मुलांच्या पायांनी किती लांब आहे, हे महत्त्वाचे. दोन किलोमीटरवरच्या उत्तम बागेत मुले महिन्यातून दोनदा जातात आणि तीही आपण गाडी काढली तर. घरापासून सात मिनिटांवरच्या साध्या पटांगणात ती रोज जातात. त्यामुळे घर पाहायला याल तेव्हा रविवारी येऊ नका, कारण रविवारी सगळ्याच बागा भरलेल्या दिसतात. एखाद्या बुधवारी संध्याकाळी साडेपाचला त्या गल्ल्यांतून पायी फिरा. फाटकाशी लहान सायकली आडव्या पडलेल्या दिसल्या, कट्ट्यावर दोन-चार आजी-आजोबा बसलेले दिसले, तर ती जागा चालती आहे असे समजा. इस्त्रीवाल्याला किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारले, तर कुत्री किती आहेत आणि अंधार पडल्यावर तिथे कोण बसते, हेही कळते.

आत गेल्यावर बहुतेक पालक खेळणी पाहतात; मी आधी जमीन पाहतो. हे मला उशिरा सुचले. माझी मुलगी पाच वर्षांची असताना एका बागेतल्या घसरगुंडीच्या तोंडाशी, स्वच्छता राहावी म्हणून असेल, सिमेंटचे फरशीकाम केलेले होते. ती वेगाने खाली आली, तोल गेला आणि हनुवटीला तीन टाके पडले. घसरगुंडी नवी कोरी होती, दोष जमिनीचा होता. झोपाळ्याखाली वाळू, भुसभुशीत माती किंवा रबराचा थर हवा. साधारण चार फूट उंचीच्या खेळण्याखाली वाळूचा थर नऊ इंच तरी असावा आणि खेळण्याभोवती सहा फुटांपर्यंत कठडा, दगड किंवा बाक नसावा, असे जाणकार सांगतात. नऊ इंच वाळू मी बेळगावात क्वचितच पाहिली आहे, पण निदान सिमेंट नसावे एवढा आग्रह धरता येतो. चढण्याच्या खेळण्यांतल्या दोन दांड्यांमधली फट साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान असेल, तर लहान मुलाचे अंग पलीकडे जाते आणि डोके अडकते. आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी हे अवश्य पाहा. पत्र्याची घसरगुंडी असेल, तर उन्हाळ्यात चारच्या सुमारास तिला हाताची मागची बाजू लावून पाहिल्याशिवाय मुलीला वर चढवू नका.

पावसाचा विचार सांगलीकरांच्या मनात येणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. जून ते सप्टेंबर इथे पाऊस सांगलीसारखा येऊन-जाऊन पडत नाही. पुनर्वसू-पुष्यात तो दिवसचे दिवस धरून बसतो. टिळकवाडीकडची तांबडी माती एक-दोन दिवसांच्या उघडिपीनंतर पाय ठेवण्याजोगी होते. पण अनगोळ, वडगावच्या शिवाराकडे, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला काळी, भाताची जमीन आहे आणि तिथल्या सखल मैदानात पाणी तुंबले की हटत नाही. शक्य असेल तर ती जागा जुलैत एकदा पाहा, नाहीतर शेजाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या खेळण्यांवरही शेवाळ धरते.

आठ वर्षांच्या मुलाला बागेपेक्षा मैदान लागेल. टिळकवाडीतले लेले मैदान आणि व्हॅक्सिन डेपोचा जुन्या झाडांचा परिसर तुम्हांला जवळ पडेल. डेपोत सावली उत्तम आहे, मात्र तिथे लहान मुलीला नजरेआड जाऊ देऊ नये. मैदानांची एक अडचण अशी की, दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू झाल्या की मोठी मुले संपूर्ण मैदान व्यापतात आणि छोट्यांना सीमारेषेबाहेर चेंडू आणून देण्याचे काम उरते. घराजवळ शाळा असेल, तर तिचे पटांगण संध्याकाळी उघडे असते का, हेही विचारून ठेवा.

शहापूरकडचे शिवाजी उद्यान, महाद्वार रोडचे संभाजी उद्यान, कॅम्पातल्या मिलिटरी महादेव मंदिराजवळची बाग आणि किल्ला तलाव ही ठिकाणे चांगली आहेत, पण ती सुटीच्या दिवसाची. तलावाकाठच्या 110 मीटर उंचीच्या ध्वजस्तंभाकडे पाहत मुले पहिल्या दिवशी खूश होतात आणि दुसऱ्या खेपेला कणीस मागतात.

फलक बहुतेक कन्नडमध्ये असतील, त्याचे दडपण घेऊ नका. माझी मुलगी लपंडावात राज्य घेऊन ‘ओंदु, एरडु, मूरु’ मोजायला शिकली ती शाळेत नव्हे, गल्लीच्या बागेत; आणि त्याच गल्लीतली कन्नड घरची मुले दिवाळीत आमच्या दारात मराठीत वाद घालत किल्ला बांधतात. आपली मुले महिनाभरात रुळतील.

घर जवळपास पसंत पडले, की भाड्याचे अंतिम बोलण्याआधी मुलांना त्या जागेत अर्धा तास सोडा आणि आपण कट्ट्यावर बसून राहा. मुलगी झोपाळ्यावरून उतरायला तयार नसेल आणि मुलाला कुणी ‘येतोस काय, एक गडी कमी आहे’ असे विचारले, तर घरमालकाकडे डिपॉझिटची गोष्ट काढायला हरकत नाही.