शाळेकडे उत्तर मागायचे, ते कोणत्या कागदाच्या आधारे?

शाळेची जबाबदारी नेमकी काय आहे आणि शाळा सुधारावी यासाठी कायद्याने कोणाकडून काय अपेक्षिले आहे, याविषयी पालकांची बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकतो. यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले आहे. सभा आतापर्यंत एकदाच झाली. एरवी मुलाच्या दप्तरातून वही घरी येते आणि मी सही करून परत पाठवते. मागच्या आठवड्यात आलेल्या पानावर सह्यांसाठी अनुक्रमांक घातले होते, पण वरचे अर्धे पान कोरे होते. सही केली, मात्र तेव्हापासून मनाला चैन नाही. माझे काम नेमके काय आहे?

उत्तर : तुमची अस्वस्थता अगदी रास्त आहे, कारण त्या कोऱ्या अर्ध्या पानावर पुढे जे लिहिले जाईल ते तुमच्या संमतीने ठरले असेच धरले जाईल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ने सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, म्हणजे सभा बोलावणे आणि इतिवृत्त लिहिणे त्यांच्याकडे असते, निर्णय मात्र समितीचा असतो. सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी.

शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे ही समितीची मुख्य कामे होत. यांपैकी आराखड्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे, कारण कलम २२ नुसार शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाला आणि अनुदानाला हाच आराखडा आधार मानला जातो. तो तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार असणे अपेक्षित आहे. प्रत्येक वर्गाची अपेक्षित पटसंख्या, लागणारे जादा शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व साहित्य यांची गरज आणि त्यासाठी दरवर्षी लागणारा पैसा, हे सारे त्यात यावे लागते.

हा आराखडा मागून घ्या आणि घरी निवांत वाचा. मागील वर्षाचीच पाने तारीख बदलून पुढे आलेली मी अनेकदा पाहिली आहेत आणि त्याने काय बिघडते हे एका उदाहरणाने लक्षात येईल. कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक हवेत. समजा, तुमच्या शाळेत आज ६३ मुले आहेत, पण आराखड्यात गेल्या वर्षीचे ५८ तसेच राहिले, तर तिसरा शिक्षक मागण्याचा आधारच शाळेने स्वतःच्या हाताने घालवलेला असतो. वर्षभर एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवत राहतो आणि पालक त्या शिक्षकावर रागावतात.

पैशाच्या बाबतीतही असेच डोळसपणे पाहावे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वर्षाला कमाल १ लाख रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. किती रक्कम आली, कशावर खर्च झाली आणि पावत्या कोठे आहेत, हे विचारणे म्हणजे मुख्याध्यापकांवर अविश्वास दाखवणे नव्हे. खात्याच्या वार्षिक हिशेबावर समितीच्या अध्यक्षांचीही सही लागते, म्हणून हा प्रश्न समितीने स्वतःलाच विचारल्यासारखा आहे.

पुढच्या वेळी वही आली तर ती कोरी परत पाठवू नका. त्यावर तारीख घालून लिहा, ‘इतिवृत्त वाचायला मिळाल्यावर सही करीन. सभेची वेळ कळवावी.’ मुख्याध्यापक स्वतः एक वर्ग शिकवतात, दिवसभर ऑनलाइन माहिती भरतात आणि पालक कामावर असल्याने सभेला येत नाहीत, हे मला माहीत आहे. बऱ्याच ठिकाणी वही घरी येते ती या ओढाताणीतून, लबाडीतून नव्हे. म्हणूनच सभेची वेळ संध्याकाळची ठेवावी असा ठराव तुम्ही मांडलात, तर तो त्यांनाही हवासा वाटेल.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. प्रगतिपुस्तकात सगळीकडे चांगल्या श्रेणी आहेत, पण वाचताना ती अक्षर-अक्षर जुळवते. शाळेत विचारले तर ‘आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नाही, आम्ही तरी काय करणार’ असे उत्तर मिळाले. मग शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

उत्तर : शाळेने दिलेले उत्तर चुकीचे आहे. मुलाला मागे न ठेवण्याची तरतूद आणि मुलाला शिकवण्याचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीमुळे दुसरे कधीच सुटत नाही. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिलेली आहेत. वेळेवर व नियमित येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे, हे सर्व त्यात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षेची तरतूद केली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली आहे. त्या परीक्षेत मूल कमी पडले, तर जादा मार्गदर्शन करून निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते आणि त्यातही ते उत्तीर्ण झाले नाही, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. तुमच्या मुलीला ही परीक्षा पुढच्याच वर्षी आहे, त्यामुळे हे वर्ष वाया जाऊ देऊ नका.

मोजमाप तुम्ही घरीही करू शकता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मुलाने वयाला साजेसा, आधी न वाचलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी अपेक्षा आहे. तिने न वाचलेला एखादा सोपा उतारा घ्या, घड्याळ समोर ठेवा, एका मिनिटात ती कुठवर पोचली तेथे पेन्सिलीने हलकी खूण करा आणि मग उताऱ्यात काय होते ते तिला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. तिला परीक्षा वाटू नये, एवढे जपा. अडखळली तर शब्द तुम्ही सांगा आणि पुढे जाऊ द्या.

तो उतारा खुणेसह वर्गशिक्षकांपुढे ठेवा. ‘आमच्या मुलीकडे लक्ष द्या’ एवढेच म्हटले, तर उत्तर ‘हो, देतो’ असे येते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी येत्या सहा आठवड्यांत तिच्यासाठी काय करणार, ते कोण करणार आणि पुन्हा कोणत्या तारखेला तपासणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या.

मात्र सारा भार एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. दर्जेदार शिक्षण मिळेल याची खातरजमा करण्याचे कर्तव्य कलम ८ आणि ९ ने शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक जागा रिक्त ठेवता येत नाहीत आणि दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असेही कायदा सांगतो. तुमच्या मुलीचा वर्ग महिनोन्महिने शिक्षकाविना असेल, तर शिक्षकाच्या नव्हे, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जायला हवे.

प्रश्न : शाळासिद्धी मूल्यांकनात आमची शाळा खालच्या स्तरावर आहे, असे कळले. शाळा बंद होईल का? मुलांना दुसरीकडे हलवावे का?

उत्तर : खालचा स्तर मिळाला म्हणून शाळा बंद होत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आलेल्या शाळासिद्धी आराखड्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. शाळेने आधी स्वतःचे मूल्यमापन करावे, मग बाहेरच्या मूल्यमापकांनी ते पडताळावे आणि त्यातून सुधारणेचा कृतिआराखडा निघावा, अशी तिची रचना आहे. जी शाळा स्वतःला प्रामाणिकपणे कमी गुण देते, तिच्याविषयी मला उलट अधिक विश्वास वाटतो. तुम्ही विचारायचे ते एवढेच, की कोणत्या मानकात शाळा मागे आहे आणि त्याविषयी शाळा विकास आराखड्यात काय लिहिले आहे.

जाता जाता, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या बातम्या वाचून आपल्या शाळेविषयी निष्कर्ष काढू नका. ती नमुना पाहणी असते आणि तिचे आकडे जिल्ह्याचे किंवा राज्याचे असतात. आपल्या शाळेची नोंद पाहायची असेल, तर तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या शाळा-नोंदीतील ओळख क्रमांक, घ्या आणि त्यावरून सार्वजनिक संकेतस्थळावर तिची माहिती उघडा. तेथे ‘पिण्याच्या पाण्याची सोय : आहे’ असे दिसत असेल आणि शाळेचा नळ कोरडा असेल, तर ती तफावत दुरुस्त करून घेणे हे समितीचे तातडीचे काम आहे, कारण कागदावर सोय आहे तोवर तिच्यासाठी निधी मागता येत नाही.

प्रश्न : मुले खासगी विनाअनुदानित शाळेत आहेत. आम्हाला यातले काही लागू आहे का?

उत्तर : शाळा व्यवस्थापन समिती आणि शाळा विकास आराखडा तुमच्या शाळेला बंधनकारक नाहीत, बाकी बरेच काही आहे. शिक्षकांची कर्तव्ये, शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई, प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी, तसेच इमारत व शिक्षकसंख्येचे निकष, हे सर्व तिलाही लागू आहे. मान्यतेच्या अटी मोडल्या तर मान्यता काढून घेता येते, मात्र त्या आदेशातच मुलांना परिसरातील कोणत्या शाळेत प्रवेश मिळेल हे सांगावे लागते. शुल्काबाबत महाराष्ट्रात २०११ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक सोडत काढून निवडले जातात. सोडत कधी निघाली हे तुम्हाला आठवत नसेल, तर शाळेला लेखी विचारा.

प्रश्न : तक्रार केली तर मुलावर राग निघेल, या भीतीने आम्ही सारे गप्प बसतो. तक्रारीची रीतसर वाट कोणती?

उत्तर : ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मूल रोज सहा तास त्याच वर्गात बसणार असते आणि आईबापाला ते विसरता येत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा प्रश्न समितीच्या सभेत, विषयपत्रिकेवर घालून, चार-पाच पालकांनी मिळून मांडावा. तेथे मुद्दा एका मुलाचा न राहता वर्गाचा होतो.

तेवढ्याने भागले नाही, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ ची वाट आहे. मुलाच्या या कायद्याखालील हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. ग्रामीण भागात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागात ती द्यावी. संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो मान्य नसल्यास महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. आराखडा किंवा हिशेब दाखवायला कोणी नकार दिला, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तक्रारीनंतर मुलाला टोमणे मारले गेले, वेगळे बसवले गेले किंवा हात उगारला गेला, तर ते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ चे उल्लंघन आहे आणि त्याची तारीखवार नोंद ठेवून स्वतंत्र तक्रार करावी.

अर्ज एका पानाचा असावा, त्यात काय घडले, केव्हा घडले आणि काय व्हावे असे तुम्हाला वाटते एवढेच असावे. दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये, कारण तीन महिन्यांची मुदत कोणत्या दिवसापासून धरायची हे त्या शिक्क्यावरूनच ठरते.