बबलसाठी प्रोब करतोयस? आधी बँडविड्थचा हिशोब मांड

अल्ट्रासाउंड प्रोबसाठी पीझेडटी (नेहमीचं पायझो सिरॅमिक) घ्यायचं की सिंगल क्रिस्टल, हा वाद सध्या बाजूला ठेव. बबलचं नेमकं काय ऐकायचंय ते आधी ठरव. सोनोव्ह्यूसारख्या कॉन्ट्रास्ट एजंटमधले (रक्त चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्यातले) वायूचे बबल जेमतेम काही मायक्रॉनचे, काही मेगाहर्ट्झलाच जोरात थरथरतात. 2 मेगाहर्ट्झला पाठवून 4 ला, म्हणजे दुप्पट वारंवारितेच्या दुसऱ्या हार्मोनिकला ऐकायचं, तर मध्य 3 आणि पट्टा 2, म्हणजे किमान 67 टक्के बँडविड्थ हवी. तीही दोन्ही कडांना 6 डीबी गमावून! मॅचिंग लेयर (ध्वनी शरीरात नीट शिरावा म्हणून प्रोबवर लावलेला थर) एकाऐवजी दोन घे, आणि थर चिकटवणाऱ्या मधल्या इपॉक्सीची जाडीही मॉडेलमध्ये धर. बरेच जण ती सोडतात, मग मोजलेला आलेख सिम्युलेशनशी जुळत नाही.

सीमटचा (चिपवरचे बारीक पडदे विजेच्या ओढीने हलवणाऱ्या प्रोबचा) मोह होईल, बँडविड्थ झकास असते. पण तिथे बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. बायस (स्थिर डीसी व्होल्टेज) देऊनही प्रोब स्वतःच दुसरा हार्मोनिक सोडतो आणि पल्स इन्व्हर्जनचा (एक सुलट, एक उलट पल्स पाठवून प्रतिध्वनींच्या बेरजेत बबलचा हार्मोनिक उरवण्याच्या पद्धतीचा) बट्ट्याबोळ होतो. ड्राइव्ह सिग्नल आधीच दुरुस्त करून देणार असशील तरच त्या वाटेला जा.

हायड्रोफोन (पाण्यात ध्वनीचा दाब मोजणारा मायक्रोफोन) फक्त फोकसवर लावून थांबू नकोस, सगळ्या खोलीभर दाब मोज. एलिव्हेशन फोकसपाशी (चित्राच्या जाडीच्या दिशेने ध्वनी जिथे एकवटतो तिथे) दाब वाढला की तिथले बबल फुटतात, चित्रात काळा पट्टा येतो आणि डॉक्टरांना वाटतं तिथे रक्तच पोचत नाहीये.