बांधकामावरच्या वर्गातली इंटर्नशिप बायोडेटात कशी लिहायची?

पत्र : मॅडम, मी पुण्यात टी.वाय.बी.कॉम.ला आहे. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी वर्गातल्या बहुतेकांना सीएंच्या ऑफिसात जागा मिळाली. मला नाही मिळाली. मग मी बांधकाम मजुरांच्या मुलांचे साइटवर वर्ग घेणाऱ्या एका संस्थेत १२० तास काम केलं. मुलांत मी रमले. शेवटच्या आठवड्यात माझ्या वर्गातली दहा वर्षांची एक मुलगी अचानक दिसेनाशी झाली. मुकादमाने तिच्या घरच्यांना रातोरात दुसऱ्या साइटवर हलवलं होतं. ती नुकती चार ओळींचा परिच्छेद वाचायला लागली होती. तेव्हापासून वाटतंय, मी जे केलं ते सगळं पाण्यात गेलं. बाबा म्हणतात, ‘कॅम्पस इंटरव्ह्यूत काय सांगणार, पोरांना बाराखडी शिकवली म्हणून?’ मला मात्र कॉमर्स सोडून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावंसं वाटतं. हा निर्णय बरोबर ठरेल का? बायोडेटात हे काम कसं लिहू? मुलांसोबतचे फोटो लिंक्डइनवर टाकले तर चालतील का? (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : तुझ्या मनावर सगळ्यात मोठं ओझं त्या मुलीचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करते. ती गेली यात तुझं काहीही चुकलेलं नाही. स्लॅबचं काम आटोपलं की सेंट्रिंगची टोळी पुढच्या साइटवर जाते आणि तिच्या जागी प्लास्टरवाले येतात. बहुतेक कुटुंबांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे कधी निघायचं हे त्यांच्या हातात नसतं, आणि वर्ग कितीही छान चालला तरी हे थांबत नाही.

वर्गाच्या हातात एकच गोष्ट असते. मूल निघालं की त्याच्याबरोबर काय जाईल, हे आधीच ठरवून ठेवायचं. शिक्षण हक्क कायदा (२००९) इथे उपयोगी पडतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळायलाच हवा, आणि मागे पडलेलं असेल तर विशेष प्रशिक्षणही. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डही दिलं जातं. या गोष्टी आईला एकदा समजावून सांगितल्या असतील आणि मूल कुठवर वाचतं याची चिठ्ठी संस्थेच्या फोन नंबरसह तिच्या पिशवीत असेल, तर पुढच्या ठिकाणी पुन्हा ‘अ अननसाचा’पासून सुरुवात होत नाही. ती मुलगी परिच्छेद वाचायला शिकली आहे. साइट बदलली म्हणून ते वाचन पुसलं जात नाही. हो, सराव तुटला तर मागे पडेल, आणि म्हणूनच तिचा माग ठेवणं महत्त्वाचं.

आता मला तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट सांगते. मुलांच्या निरागसतेवर तू दोन ओळी लिहिल्यास. एका वहीवर मात्र जवळजवळ पानभर लिहिलंस. संस्थेच्या हजेरीपटावर गेलेल्या मुलांची नावं लाल पेनाने खोडली जायची, ते तुला खटकलं. मग तू दोनशे पानी वही आणलीस आणि रकाने आखलेस : मूल कुठल्या गावचं, घरात कन्नड की गोरमाटी (बंजारा बोली) की हिंदी, शाळेत नाव आहे का, आल्यावर किती वाचत होतं, आता किती, कधी गेलं, कुठे गेलं, मुकादमाचा नंबर. त्या नंबरांवर फोन करून तू दोन मुलांचा पत्ता लावलास, आणि त्यातल्या एकाचं नाव नव्या साइटजवळच्या शाळेत घातलं गेलं. पत्रात हे तू जाता जाता सांगितलंस. माझ्या दृष्टीने तुझी इंटर्नशिप त्या वहीत आहे.

कुणालाही करिअर सुचवताना मी ‘आवड काय?’ हे शेवटी विचारते. त्याआधी एक गोष्ट बघते, कुणी न सांगता हा माणूस कुठलं काम हातात घेतो. मुलं आवडणं फार चांगलं आहे, पण ती बहुतेकांना आवडतात. खोडलेल्या नावांमुळे अस्वस्थ होऊन रकाने आखणारी माणसं कमी असतात, आणि या क्षेत्राला त्यांची फार गरज आहे.

या कामाचा इतिहासही हेच सांगतो. बांधकामावरच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस ही संस्था त्यातूनच उभी राहिली. आपल्याकडे डोअर स्टेप स्कूल १९८८ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढे पुण्यात साइट-साइटवर पोचलं. पुढे १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात तरतूद आली की पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवीच. एखाद्या साइटवर महिला नेमक्या किती आहेत हे कुणी मोजलंच नाही, तर अशी तरतूद कागदावरच राहते.

दुसरं उदाहरण तुला अधिक जवळचं वाटेल. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये बालसखी नावाचा उपक्रम चालवला. दहावी-बारावी झालेल्या, वस्तीतल्याच मुली तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची रीतसर चाचणी घेतली आणि त्याचा फायदा आकड्यांत दाखवला. बॅनर्जी-डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच प्रकारच्या अभ्यासांची मालिका होती. शिकवणाऱ्या मुलींशिवाय ते काम झालंच नसतं. आणि कुणी मोजलं नसतं, तर ते त्या दोन शहरांच्या बाहेर कुणाला कळलंही नसतं.

तू लिहिलंस की ती मुलगी साइटवरच्या दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणायची, पण पाटीवर हातच्याची वजाबाकी दिली की गप्प व्हायची, आणि याचं तुला कोडं पडलं. हे कोडं मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडलं आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करतात, तोच हिशेब शाळेतल्या पद्धतीने मांडला की अडतात, असा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. त्यातही बॅनर्जी आणि डुफ्लो आहेत. तुला हे दिसलं कारण तू तिच्याकडे नीट बघत होतीस. मुलाखतीत हा प्रसंग सांग. ‘मला मुलं आवडतात’ यापेक्षा तो कितीतरी जास्त सांगून जातो.

आता एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम चांगला आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचा असतो, आणि वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला असतं. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) १९३६ पासून समाजकार्य शिकवते आहे. निर्मला निकेतन मुंबईतच आहे आणि कर्वे समाज सेवा संस्था तर तुझ्या शहरातच. घरोघरी जाणं, दारू पिणाऱ्या बापाशी बोलणं, आजारी बाईला दवाखान्यापर्यंत नेणं, बाल कल्याण समितीपुढे मुलाची बाजू मांडणं, यात तुझं मन लागत असेल तर जरूर जा. तुझ्या पत्रात मला ते फारसं दिसलं नाही. मजुरांच्या खोल्यांत जायला तुला संकोच वाटायचा, असं तूच लिहिलं आहेस. संकोच जातो, शिकता येतं. पण एका मुलीच्या जाण्याने मन भरून आलं म्हणून दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडू नकोस. तसं निवडणारी मुलं पहिल्या सत्रातच थकलेली मी पाहिली आहेत.

शिकवणंच खुणावत असेल तर वाट वेगळी. प्राथमिकसाठी डी.एल.एड., माध्यमिकसाठी बी.एड., आणि पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). सरकारी सेवेत महिला व बालविकास खात्यात मुख्यसेविका, बालविकास प्रकल्प अधिकारी अशी पदं असतात, ती परीक्षा देऊन मिळतात.

माझं मत विचारशील तर कॉमर्स सोडू नकोस. ज्या संस्थेत तू होतीस तिचा हिशेब कोण ठेवतं, हे तू कधी विचारलंस का? ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि तो पैसा मोठ्या प्रमाणात शिक्षणाकडे येतो. पैसा आला की विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), तिमाही अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडची विवरणपत्रं आणि ८०जीची (देणगीदाराच्या करसवलतीची) कागदपत्रं आली. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याचे नियम आणखी कडक. विवरणपत्र वेळेत गेलं नाही तर नोंदणीवर बेतू शकतं, आणि मग साइटवरच्या वर्गाचा पगारही अडकतो. दुसरीकडे, मुलं किती शिकली हे आकड्यांत दाखवू शकणारी माणसं संस्था शोधत असतात. हिशेब आणि मुलं दोन्ही समजणारी व्यक्ती सहज मिळत नाही. तू ती होऊ शकतेस.

म्हणजे करायचं काय? बी.कॉम. चांगल्या गुणांनी पूर्ण कर. ५५ टक्के मिळाले तर सीएची फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते, आणि २०२३च्या नव्या रचनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन वर्षांची झाली आहे. सीए नको असेल तर एखाद्या शिक्षणसंस्थेत एक वर्ष अकाउंट्स किंवा माहिती-नोंदींच्या कामावर जा. त्यानंतरही एम.एस.डब्ल्यू. हवंसं वाटलं तर ते खरं. किंवा एव्हाना तुला डेव्हलपमेंट स्टडीज किंवा अर्थशास्त्र जास्त जवळचं वाटू लागलं असेल. एक्सेल आत्ताच पक्कं कर. वहीतले रकाने तिथे उतरवणं हाच पहिला सराव. मुलांची नावं मात्र तिथे लिहू नकोस, क्रमांक दे.

पैशाबद्दल बाबांची काळजी रास्त आहे. सुरुवातीचा पगार अनेकदा फर्मपेक्षा कमी असतो आणि नोकऱ्या प्रकल्पाला बांधलेल्या असतात. निधी संपला की करार संपतो. हे लपवून कुणी तुला या क्षेत्रात ओढत असेल तर सावध राहा. हिशेब येणाऱ्या माणसाला मात्र परत कंपनीकडे जायचा रस्ता खुला राहतो. बाबांना हे असंच सांग, आणि ती वही त्यांच्यापुढे ठेव. कॉमर्सच्या मुलीने शून्यातून नोंदवही उभी केली, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

बायोडेटात ‘वंचित मुलांना शिकवले’ असं लिहू नकोस. त्यातून कुणाला काही कळत नाही. असं लिही : ‘बांधकाम साइटवरील मिश्र वयोगटाच्या, बहुभाषिक वर्गात १२० तास काम. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पातळ्यांवर वाचनाची सुरुवातीची आणि शेवटची तपासणी. स्थलांतरित मुलांची नोंदवही तयार केली. फोनवरून पाठपुरावा करून दोन मुलांचा शोध, एकाचा शाळाप्रवेश.’ मुलांची संख्या वहीत असेल तीच दे, गोळाबेरीज नको. कुणी विचारलं की हे अकाउंट्सला कसं उपयोगी, तर सांग : न जुळणारी नोंद दिसली की मला चैन पडत नाही, हे मी तिथे ओळखलं.

फोटो टाकू नकोस. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि साइटवरच्या कुठल्या मुलाची परिस्थिती काय आहे हे तुला दरवेळी ठाऊक नसतं. कायदा बाजूला ठेवला तरी, ती मुलगी उद्या नोकरीला लागेल तेव्हा पत्र्याच्या खोलीपुढचा तिचा फोटो तुझ्या प्रोफाइलवर का असावा? वहीच्या रिकाम्या रकान्यांचा फोटो टाक, तो पुरे.

एक काम या आठवड्यात कर. त्या मुलीच्या मुकादमाचा नंबर तुझ्या वहीत असेल. संस्थेच्या ताईंना घेऊन फोन लाव, नवी साइट कुठे आहे विचार आणि जवळची शाळा शोधा. तिच्या आईची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, तेही बघा. मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मागता येतं. अर्जाची कागदपत्रं लावायला तुझ्यासारखी मुलगी हवीच असते. काय झालं ते मला कळव.