ऑनलाइन घेतलेल्या बियांपासून आलेली झाडं माशांच्या टाकीत कुजली. फुलणारी पाणवनस्पती घरी बियांपासून करता येते का?

येते, पण पाकिटातल्या बियांपासून नाही. तुम्ही लिहिलंय की बी चार दिवसांत उगवलं, टाकी भरल्यावर महिनाभर हिरवंगार राहिलं आणि मग देठाशी काळं पडून सुटून आलं. यात तुमचं काही चुकलं नाही. ‘कार्पेट सीड’ म्हणून विकलं जाणारं ते बी बहुतेक वेळा दलदलीत किंवा ओल्या मातीत वाढणाऱ्या झाडांचं असतं. वर हवा आहे तोवर ती झाडं जोमात असतात, कायमची बुडाली की हळूहळू कुजतात. उरलेला पाला आजच काढा आणि निम्मं पाणी बदला, कारण कुजणाऱ्या पाल्यातून अमोनिया सुटतो आणि त्याने मासे मरतात.

घरी बियांपासून करायचंच असेल तर माझं मत अपोनोजेटॉन क्रिस्पस या कंदातून वाढणाऱ्या पाणवनस्पतीला. मूळचा श्रीलंका आणि भारताचा, दुकानात कंद म्हणून मिळतो, आणि एकाच झाडाचे परागकण त्याच झाडाला चालतात. अपोनोजेटॉनचीच अल्व्हेशियस ही मादागास्करची जात दिसायला सुरेख, पण तिला बहुधा दुसरं झाड त्याच वेळी फुललेलं लागतं. त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करू नका. फुलांच्या तुऱ्याऐवजी दांड्यावर छोटी रोपंच फुटली, तर दुकानदाराने क्रिस्पस म्हणून अंड्युलॅटस ही दुसरी जात दिलीय असं समजा. तिची ती रोपंच लावायची, बियांच्या मागे लागायचं नाही.

कंद घेताना दाबून बघा, टणक हवा. लावताना वरचा तिसरा भाग वाळूच्या बाहेर ठेवा, पूर्ण पुरला तर सडतो. पाणी २४ ते २८ अंश असावं. झाड जोमात आलं की दांडा थेट पाण्याच्या पृष्ठभागाकडे निघतो आणि टोकाची पातळ पिशवी गळून पांढरट तुरा हवेत येतो. इथून पुढे खरी काळजी. फुलांवर पाणी पडलं की परागकण वाया जातात, म्हणून पाण्याची पातळी पाचेक सेंटिमीटर उतरवा, फिल्टरची धार दुसरीकडे वळवा, एअर स्टोनचे बुडबुडे तुऱ्याखाली येऊ देऊ नका आणि झाकणातून वाफेचे थेंब गळत असतील तर झाकण थोडं सरकवून ठेवा.

फुलं खालून वर उमलत जातात, सगळी एका दिवशी नाही. म्हणून रंगकामाचा शून्य नंबरचा मऊ, कोरडा कुंचला घेऊन रोज सकाळी तुरा खालून वर आणि वरून खाली हलकेच झाडायचा, अगदी शेंड्याची फुलं उमलेपर्यंत. कुंचल्याला पिवळी भुकटी लागली की काम होतंय. एकदाच फिरवून सोडून दिलं तर तुऱ्याच्या एखाद्या पट्ट्यातच फळं धरतात. आठवड्याभरात फळं धरलेला भाग हिरवा होऊन फुगतो, न धरलेला पिवळा पडून गळतो.

फळं पिकायला काही आठवडे लागतात. बहुतेक बी हातचं जातं ते इथे. पिकलेली फळं आपोआप सुटतात, साल फाटते, बी काही तास, फार तर दिवसभर तरंगतं आणि मग बुडतं. तेवढ्यात ते फिल्टरमध्ये ओढलं जातं किंवा माशांच्या पोटात जातं. म्हणून फळं टपोरी दिसू लागली की तुऱ्याभोवती मलमलीची सैल पिशवी बांधा. बोटाने हलकेच स्पर्श केल्यावर फळ सुटत असेल तरच तुरा कापा. आधी कापलेलं कच्चं बी उगवत नाही. आणि ते वाळवून डबीत ठेवायचं नाही. या बियांना विश्रांतीचा काळ नसतो, सुटताक्षणी रुजायला लागतात आणि सुकल्या की मरतात. पाकिटात कोरडं मिळणारं बी याचं नसणार, हे त्यावरूनच ओळखा.

पेरायला उथळ प्लास्टिकचा ट्रे घ्या. तळाला दोन सेंटिमीटर धुतलेली बारीक वाळू, वर चार-पाच सेंटिमीटर पाणी. पाणी टाकीतलंच घ्या, नळाचं ताजं क्लोरीनचं नको. बी गाडू नका, वाळूवर नुसतं पडू द्या. हिरवं पातं आणि मूळ दिसलं की चिमट्याने मूळ तेवढं वाळूत टेकवा. खत अजिबात नको, कारण रोपं मरतात ती बहुधा उपासमारीने नाही, शेवाळाने. केसासारखं शेवाळ पात्याला गुंडाळलं की ते सोडवताना रोपच उपटून येतं. उजेड दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त देऊ नका, खिडकीतलं थेट ऊन टाळा, दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदला आणि फुटलेल्या फळांच्या साली उचलत राहा.

चार-पाच पानं आली आणि बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा कंद जाणवला की टाकीत हलवा, मुळाशी खताच्या गोळीचा पाव तुकडा द्या. गोल्डफिश असलेल्या टाकीत मात्र नको, कोवळी पानं एका रात्रीत संपतात. फुलायला साधारण वर्ष धरा. मधेच पानं गळून झाड संपल्यासारखं वाटलं तर कंद दाबून बघा. टणक असेल तर तो झोपलाय, फेकू नका.

एक विनंती. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा याच कुळातला, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. त्याचा दुभागलेला तुरा पाहून कंद आणायचा मोह होतो. तो जांभ्या कातळावरच्या उथळ पाण्यात वाढतो, उन्हाळ्यात ते पाणी आटलं की कंदरूपाने जमिनीत थांबतो. आपल्या बारमाही कोमट टाकीत त्याला तो कोरडा काळ मिळत नाही आणि जगात तो सह्याद्रीखेरीज कुठे नाही. तो तिथेच राहू द्या.